स्कोर्टाच्या डोंगराळ प्रदेशातील फ्रँक सरंजामी सत्ता : किल्ला, कायदा आणि करार (इ.स. १२०५ ते १३२०)

प्रस्तावना

इ.स. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धासाठी निघालेल्या पश्चिम युरोपीय सैन्याने जेरुसलेमची वाट सोडून बायझंटाईन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल जिंकली. ख्रिस्ती सैन्यानेच ख्रिस्ती साम्राज्य मोडले. या घटनेची चर्चा जगाच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतून सामान्यतः येथेच थांबते. तथापि राजधानी पडल्यानंतर साम्राज्याच्या प्रांतांत काय घडले, परक्या भाषेच्या व परक्या पंथाच्या मूठभर घोडेस्वारांनी ग्रीक भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या सत्ता कशी चालविली, हा प्रश्न राजधानीच्या पतनाइतकाच महत्त्वाचा आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सर्वांत उद्बोधक प्रदेश म्हणजे दक्षिण ग्रीसमधील पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या मध्यभागी असलेला ‘स्कोर्टा’ हा डोंगराळ मुलूख होय.

तत्कालीन ग्रीक लोक पश्चिम युरोपातून आलेल्या सर्वांनाच ‘फ्रँक’ म्हणत. प्रत्यक्षात या विजेत्यांतील बहुतेक सरदार फ्रान्सच्या शांपेन व बर्गंडी या भागांतील होते. हाच ‘फ्रँक’ शब्द अरबी-फारसीतून प्रवास करीत मराठीत ‘फिरंगी’ या रूपाने स्थिरावला. म्हणजे या लेखातील सत्ताधारी मराठी वाचकास नावाने तरी अपरिचित नाहीत.

स्कोर्टाच्या इतिहासाविषयी लिहिताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे तेथील कड्यांवरच्या किल्ल्यांकडे जाते. प्रस्तुत लेखात मात्र असे प्रतिपादन केले आहे की, फ्रँकांची डोंगरातील सत्ता किल्ल्यांपेक्षा करारावर अधिक उभी होती. एक करार प्रिन्स व त्याचे सरदार यांच्यातील होता, तर दुसरा फ्रँक व स्थानिक ग्रीक जमीनदार यांच्यातील होता. हे करार पाळले गेले तोवर थोडक्या शिबंदीवर डोंगर ताब्यात राहिला. ते सैल झाले तेव्हा बुलंद किल्लेही उपयोगी पडले नाहीत.

प्रदेश आणि साधने

स्कोर्टा म्हणजे स्थूलमानाने आजच्या आर्केडिया जिल्ह्याचा पश्चिम भाग. आल्फिओस नदी आणि तिला मिळणाऱ्या लूसिओस व लादोन या नद्यांनी हा मुलूख खोल दऱ्यांनी चिरला आहे. पश्चिमेस एलिसचे सुपीक मैदान, दक्षिणेस मेसेनिया आणि पूर्वेस निक्लीकडील पठार अशी त्याची चतुःसीमा सांगता येते. फ्रँकांची राजधानी आंद्राविदा आणि त्यांचे मुख्य बंदर ग्लारेंत्सा एलिसच्या मैदानात होते. तेथून पठाराकडे जाणारी महत्त्वाची वाट आल्फिओसच्या खोऱ्यातून जात असे. स्कोर्टा ज्याच्या हाती, त्याच्या हाती द्वीपकल्पाच्या मध्यभागाच्या खिंडी असत. यामुळेच हा प्रदेश धान्याच्या दृष्टीने गरीब असूनही लष्करीदृष्ट्या मोलाचा ठरला.

या इतिहासाची प्रमुख साधने दोन आहेत. पहिले साधन म्हणजे ‘क्रॉनिकल ऑफ मोरिया’. पेलोपोनीजला मध्ययुगात ‘मोरिया’ हे नाव रूढ झाले होते. चौदाव्या शतकात आकारास आलेली ही बखर ग्रीक, फ्रेंच, अ‍ॅरागोनी व इटालियन अशा चार भाषांतील पाठांत उपलब्ध आहे. त्यांपैकी ग्रीक पाठ पद्यात असून तो नऊ हजारांहून अधिक ओळींचा आहे. भाषा ग्रीक असली तरी त्याची सहानुभूती उघडपणे फ्रँकांच्या बाजूची आहे. दुसरे साधन म्हणजे ‘असाइझेस ऑफ रोमानिया’ ही विधिसंहिता. २१९ कलमांची ही संहिता चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाली असून ती आज व्हेनिसच्या बोलीतील पाठाच्या रूपाने उपलब्ध आहे. बखर प्रसंग सांगते, तर संहिता नियम सांगते. दोहोंची सांगड घातल्यासच सत्तेचे खरे स्वरूप ध्यानात येते. मात्र दोन्ही साधने सत्ताधाऱ्यांच्या परंपरेतील आहेत आणि स्कोर्टातील शेतकऱ्याचा स्वतःचा आवाज त्यांत नाही, ही मर्यादा अभ्यासकाने सतत लक्षात ठेवली पाहिजे.

विजय आणि वाटणी

मोरियाच्या विजयाचे श्रेय दोघांकडे जाते. एक विल्यम शांप्लित आणि दुसरा जेफ्री व्हिलार्दुआं. हा जेफ्री म्हणजे चौथ्या धर्मयुद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या त्याच नावाच्या सरदाराचा पुतण्या. इ.स. १२०५ मध्ये सुमारे शंभर नाईट आणि त्यांच्यासोबतचे घोडेस्वार सार्जंट घेऊन या दोघांनी किनाऱ्याकिनाऱ्याने मोहीम केली. त्याच वर्षी कुंदुरोसच्या ऑलिव्ह-बनात त्यांनी संख्येने कितीतरी मोठ्या ग्रीक सैन्याचा पराभव केला आणि ‘अखायाचे संस्थान’ अस्तित्वात आले. शांप्लित मायदेशी परतण्यास निघाला आणि वाटेतच मरण पावला. त्यानंतर सत्ता व्हिलार्दुआं घराण्याकडे आली. पहिला जेफ्री, त्याचा पुत्र दुसरा जेफ्री आणि दुसरा पुत्र विल्यम (कारकीर्द इ.स. १२४६ ते १२७८) यांनी ती चालविली.

मैदानातील शहरे लवकर शरण आली, डोंगर मात्र आला नाही. स्कोर्टातील अराक्लोवोन हा खिंडीवरचा किल्ला दोक्सापात्रिस या ग्रीक सरदाराने दीर्घकाळ झुंजविला. त्याच्या शौर्याची आठवण फ्रँकांच्या बाजूने लिहिणाऱ्या बखरकारालाही पुसून टाकता आली नाही.

जिंकलेल्या भूमीची वाटणी बखरीत तपशीलवार नोंदविलेली आहे. संस्थानात बारा बॅरनी निर्माण झाल्या. प्रत्येक बॅरनीचे मोल ‘फीफ’ या एककात मोजले जाई. फीफ म्हणजे एका नाईटच्या शस्त्रसेवेच्या मोबदल्यात दिलेली जमीन होय. स्कोर्टाच्या वाट्याला दोन बॅरनी आल्या. लादोनच्या बाजूस रोझिएर घराण्याची आकोवा ही २४ फीफांची बॅरनी होती, तर आल्फिओसच्या घळीवर ब्रिएल घराण्याची कारितेना ही २२ फीफांची बॅरनी होती. किनाऱ्यावरील पात्रासची बॅरनी २४ फीफांची होती. म्हणजे एका ओबडधोबड डोंगरी मुलखाच्या दोन बॅरनी संस्थानातील सर्वांत मोठ्या बॅरनींच्या पंक्तीत बसतात. येथे उत्पन्नापेक्षा संरक्षणाची गरज हाच वाटणीचा निकष होता, हे यावरून स्पष्ट होते.

बखरीनुसार फीफधारकाची सेवा वर्षाच्या तीन भागांत विभागलेली होती. चार महिने किल्ल्यातील पहारा आणि चार महिने प्रत्यक्ष मोहीम अशी तिची विभागणी असे. उर्वरित चार महिने तो आपल्या जमिनीवर राहू शके. विजय एका लढाईत मिळतो, परंतु विजेत्यांची संख्या अल्प असेल तर तो टिकविण्यासाठी सर्व समाजरचनाच छावणीसारखी करावी लागते, हे या व्यवस्थेत दिसते.

पहिला करार : प्रिन्स आणि त्याचे मांडलिक

अखायाचा प्रिन्स हा निरंकुश राजा नव्हता. संहितेच्या आरंभीच असे सांगितले आहे की, नव्या प्रिन्सने प्रथम देशाचे रीतिरिवाज पाळण्याची शपथ घ्यावी आणि त्यानंतरच मांडलिकांनी त्याला सेवाशपथ द्यावी. हा क्रम महत्त्वाचा आहे. येथे निष्ठा ही वरच्याच्या वचनाला खालच्याने दिलेले उत्तर होती.

या तत्त्वाची कसोटी इ.स. १२५९ मध्ये लागली. पेलागोनियाच्या लढाईत प्रिन्स विल्यम बायझंटाईन सैन्याच्या हाती सापडला. त्याच्यासोबत कारितेनाचा स्वामी आणि त्याचा भाचा जेफ्री ब्रिएल हाही कैद झाला. सुटकेच्या मोबदल्यात संपूर्ण मोरिया द्यावा, अशी मागणी सम्राट आठवा मायकेल याने केली. बखरीनुसार विल्यमने दिलेले उत्तर असे की, ही भूमी त्याच्या एकट्याची नाही. त्याच्या सोबत्यांच्या वाडवडिलांनीही ती तलवारीने जिंकली असल्यामुळे ती देऊन टाकण्याचा अधिकार त्याला नाही. बंदिवासात उच्चारलेले हे उत्तर सबब म्हणूनही पुढे केले गेले असेल. परंतु ती सबब पटण्यासारखी होती, यातच तत्कालीन राजकीय समजुतीचे प्रतिबिंब आहे.

अखेर काही किल्ल्यांवर तडजोड ठरली. तिचा प्रस्ताव घेऊन जेफ्री ब्रिएल मोरियात आला. इ.स. १२६१ मध्ये निक्ली येथे या प्रस्तावावर विचार करण्यासाठी सभा भरली, तेव्हा बहुसंख्य सरदार कैदेत वा मृत असल्यामुळे सभेत मुख्यतः त्यांच्या पत्नी व विधवाच होत्या. इतिहासात ती ‘स्त्रियांची संसद’ म्हणून प्रसिद्ध आहे. अथेन्सचा स्वामी गी द ला रोश याने किल्ले देण्यास विरोध केला, कारण शत्रूला द्वीपकल्पात पाय ठेवण्यास जागा मिळाल्यास पुढे सर्वच जाईल, असे त्याचे म्हणणे होते. सभेने मात्र प्रिन्सच्या सुटकेच्या बाजूने निर्णय दिला. मोनेमवासिया, मिस्त्रा व माइना हे किल्ले सम्राटाकडे गेले आणि दोन उच्चकुलीन तरुणी ओलीस म्हणून कॉन्स्टँटिनोपलला पाठविण्यात आल्या. त्यांपैकी एक होती मार्गारेट पासावां. तिच्या पुढील कथेचा आकोवाच्या बॅरनीशी निकटचा संबंध आहे.

दुसरा करार : फ्रँक आणि ग्रीक आर्खोन

ग्रीक प्रांतांतील स्थानिक जमीनदारांना ‘आर्खोन’ म्हणत. विजयानंतर जमिनीच्या वाटणीसाठी नेमलेल्या समितीत फ्रँकांबरोबर आर्खोनांचाही समावेश होता, अशी नोंद बखरीत आहे. शरण येताना आर्खोनांनी आपली जमीन, आपले रीतिरिवाज आणि आपला ऑर्थोडॉक्स पंथ कायम राहावा, असे वचन मागून घेतले. पहिल्या जेफ्रीने ते दिले. डेव्हिड जेकोबी यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, याच मार्गाने आर्खोन हळूहळू सरंजामी उतरंडीत सामावले गेले आणि कालांतराने त्यांच्यापैकी काहींना नाईटचा दर्जाही मिळाला.

स्कोर्टासारख्या मुलखात या वचनाचे मोल विशेष होते. प्रत्येक घळीत पहारा बसविणे शंभर-दोनशे नाईटांना अशक्य होते. वाटाड्या, धान्य, बातमी आणि मजूर या चारही गोष्टी आर्खोनांच्या संमतीवाचून मिळणाऱ्या नव्हत्या.

या कराराची एक काळी बाजूही आहे. ज्यांच्याशी करार झाला ते जमीनदार होते. जमीन कसणाऱ्या कुळांशी कोणीही करार केला नाही. बायझंटाईन कायद्यात ‘पारोइकोस’ म्हणून ओळखले जाणारे कूळ करांनी व जमिनीने बांधलेले असले तरी कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र होते. फ्रँकांनी त्याला आपल्या देशातील बांधील कुळाच्या साच्यात बसविले. स्वामीच्या परवानगीवाचून त्याला आपल्या मुलीचा विवाह करता येत नसे. एखाद्या मांडलिकाच्या हातून दुसऱ्याचे कूळ चुकून मारले गेले, तर त्याने मालकाला बदली कूळ द्यावे, असे संहिता सांगते. हे कलम माणसाच्या प्राणाची किंमत ठरवीत नाही, मालकाच्या नुकसानीची भरपाई ठरविते. स्कोर्टातील ‘सलोखा’ या शब्दाचा अर्थ लावताना हे कलम विसरता येणार नाही.

कड्यांवरचे किल्ले

तेराव्या शतकाच्या मध्यास कारितेनाचा किल्ला आल्फिओसच्या घळीवरील एका सुळक्यावर उभा राहिला. त्याचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. आकोवाच्या किल्ल्यास फ्रँकांनी दिलेले नाव होते ‘मातग्रिफों’. पश्चिमेकडील सैनिक ग्रीकांना तुच्छतेने ‘ग्रिफों’ म्हणत आणि या नावाचा अर्थ ‘ग्रीकांना ठार करणारा’ असा होतो. एका बाजूस आर्खोनांना दिलेले वचन आणि दुसऱ्या बाजूस किल्ल्याचे हे नाव, अशा दुहेरी भूमिकेवर डोंगरातील सत्ता उभी होती.

किल्ला किती सहज हातातून जाऊ शकतो, याचे उदाहरण अराक्लोवोननेच पुरविले. जेफ्री ब्रिएलच्या मृत्यूनंतर त्याच नावाचा एक नातलग वारसा सांगत शांपेनहून आला. दावा फेटाळला गेल्यावर त्याने आजारी असल्याचे सोंग केले, अराक्लोवोनच्या टाक्यातील पाणी आपल्याला मानवते असे सांगून किल्ल्यात प्रवेश मिळविला आणि किल्लेदाराला फसवून किल्लाच बळकावला. पुढे त्याने बायझंटाईनांशीही संधान बांधले. शेवटी एक लहान जहागीर आणि एका जमीनदारिणीशी विवाह एवढ्यावर तो समजूत घालून घेण्यास तयार झाला. दोक्सापात्रिसने झुंजविलेला किल्ला पोटदुखीच्या सोंगाने पडला, ही गोष्ट बखरकाराने चवीने सांगितली असली तरी तिचा बोध गंभीर आहे. दगडी तटाची ताकद आतल्या माणसाच्या निष्ठेपलीकडे जात नाही.

इ.स. १२६३ चे बंड

मिस्त्रा सम्राटाकडे गेल्यानंतर स्कोर्टा हा सीमाप्रदेश बनला. आता येथील ग्रीकांपुढे पर्याय उभा राहिला. काही दिवसांच्या वाटेवर त्यांच्याच भाषेची आणि त्यांच्याच पंथाची सत्ता होती. इ.स. १२६३ मध्ये सम्राटाचा सावत्र भाऊ कॉन्स्टंटाइन मोठे सैन्य घेऊन आल्फिओसच्या खोऱ्यातून आंद्राविदाकडे निघाला, तेव्हा स्कोर्टातील ग्रीक त्याला जाऊन मिळाले. वाटेत खोऱ्यातील इसोवाचा लॅटिन मठ जाळण्यात आला. पुढे प्रिनित्सा येथे जॉन कातावास या वृद्ध सरदाराने अवघ्या तीनशे स्वारांनिशी या सैन्याला उधळून लावले, असे बखर सांगते.

त्या वेळी कारितेनाचा स्वामी कोठे होता? जेफ्री ब्रिएल हा बखरीच्या मते देशातील सर्वोत्कृष्ट नाईट. परंतु तो याच जॉन कातावासच्या पत्नीस घेऊन तीर्थयात्रेच्या बहाण्याने दक्षिण इटलीत गेला होता. स्वामी डोंगरात नसताना डोंगर उठला. पुढे पगार थकल्यामुळे सम्राटाच्या सैन्यातील तुर्की भाडोत्री स्वार प्रिन्स विल्यमला येऊन मिळाले आणि माक्रिप्लागीच्या लढाईत पारडे फिरले. त्यानंतर प्रिन्सने याच तुर्की स्वारांना स्कोर्टावर सोडले आणि मुलूख उद्ध्वस्त झाला. बंडाची किंमत शेवटी कुळांनीच मोजली, यात शंका नाही.

जेफ्री परतला आणि त्याला क्षमा मिळाली. ही दुसरी क्षमा होती, कारण इ.स. १२५८ च्या यादवीत तो आपला सासरा गी द ला रोश याच्या बाजूने प्रिन्सविरुद्ध लढला होता. तथापि क्षमेला एक अट जोडलेली होती. कारितेनाची बॅरनी यापुढे विजयाच्या हक्काने मिळालेली राहिली नाही, ती प्रिन्सने नव्याने दिलेली देणगी ठरली आणि केवळ औरस संततीकडेच जाऊ शकणारी झाली. इ.स. १२७५ मध्ये जेफ्री निपुत्रिक वारला. बॅरनीचा अर्धा भाग त्याची विधवा इझाबेला हिला मिळाला आणि उरलेला अर्धा प्रिन्सच्या खासगीत जमा झाला.

कायद्याची धार : मार्गारेट पासावांचा दावा

जवळपास याच सुमारास आकोवाचा प्रश्नही उभा राहिला. तेथील स्वामी वॉल्टर रोझिएर निपुत्रिक मरण पावला. त्याची वारस होती त्याची भाची मार्गारेट, म्हणजे प्रिन्सच्या सुटकेसाठी ओलीस गेलेली तीच तरुणी. ती कॉन्स्टँटिनोपलहून परतली तोपर्यंत वारसाहक्क सांगण्याची कायदेशीर मुदत उलटून गेली होती आणि प्रिन्सने बॅरनी ताब्यात घेतली होती.

एकट्या स्त्रीचे म्हणणे कोण ऐकणार, हे जाणून तिने बलाढ्य सेंट ओमेर घराण्यातील जॉनशी विवाह केला. इ.स. १२७६ मध्ये ग्लारेंत्सा येथील सभेत तिच्या वतीने दिराने, म्हणजे निकोलस सेंट ओमेरने, बाजू मांडली. तिच्या अनुपस्थितीचे कारण प्रिन्स स्वतःच असल्यामुळे मुदतीचा नियम तिला लागू होत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यावर प्रिन्सचे उत्तर असे की, आपल्या स्वामीसाठी ओलीस राहणे हे मांडलिकाचे कर्तव्यच आहे आणि कर्तव्य केल्याने मुदत वाढत नाही. सभेने निकाल प्रिन्सच्या बाजूने दिला. त्यानंतर प्रिन्सने कृपा म्हणून २४ पैकी ८ फीफ मार्गारेटला दिले आणि उरलेले १६ आपल्या धाकट्या मुलीसाठी राखले.

या निकालात कायद्याचे अक्षर पाळले गेले, करार मात्र मोडला गेला. ज्या सभेने प्रिन्सला सोडविण्यासाठी मार्गारेटला ओलीस दिले, त्याच परंपरेच्या सभेने तिच्या त्यागाची किंमत तिच्याकडूनच वसूल केली. हक्काच्या जागी कृपा आली की कराराचे दानात रूपांतर होते, आणि दान देणारा ते केव्हाही आटवू शकतो. राजकीय परिणामही लहान नव्हता. स्कोर्टाचे रक्षण करणाऱ्या दोन बॅरन घराण्यांची सत्ता अवघ्या काही वर्षांत विखुरली. डोंगरात वाढलेले आणि स्थानिक ग्रीकांना ओळखणारे स्वामी गेले आणि त्यांच्या जागी बव्हंशी नेमलेले किल्लेदार आले.

इ.स. १३०२ चा कर आणि शेवट

इ.स. १२७८ मध्ये विल्यम वारला आणि आधी झालेल्या तहानुसार संस्थान नेपल्सच्या आंजू घराण्याकडे गेले. राजा चार्ल्सचा प्रतिनिधी सेवाशपथ घेण्यासाठी आला, तेव्हा प्रिन्सने स्वतः येऊन प्रथम आपली शपथ द्यावी हाच देशाचा रिवाज असल्याचे बॅरनांनी त्यास सांगितले. पहिला करार अद्याप लोकांच्या स्मरणात होता, परंतु तो पाळणारा समोर नव्हता.

दुसरा करार थोड्याच वर्षांत मोडला. विल्यमची कन्या इझाबेला हिच्याशी विवाह करून फिलिप ऑफ सॅव्हॉय इ.स. १३०१ मध्ये प्रिन्स झाला. द्रव्याच्या गरजेपोटी त्याने इ.स. १३०२ च्या सुमारास स्कोर्टाच्या आर्खोनांवर नवा कर बसविला. सुमारे शंभर वर्षांपूर्वी पहिल्या जेफ्रीने दिलेल्या वचनाचा हा भंग होता. मिक्रोनास बंधूंच्या नेतृत्वाखाली आर्खोन उठले, त्यांनी मिस्त्राहून बायझंटाईन कुमक मागविली आणि डोंगरातील दोन किल्ले घेऊन ते पाडून टाकले. किल्ले ताब्यात ठेवण्याऐवजी त्यांनी ते पाडले, ही बाब अर्थपूर्ण आहे. बंड लवकरच मोडले गेले, परंतु गेलेला विश्वास परत आला नाही.

इ.स. १३२० मध्ये मिस्त्राचा राज्यपाल आंद्रोनिकोस आसान याने स्कोर्टावर स्वारी केली. आकोवा व कारितेना हे दोन्ही किल्ले त्याच्या हाती पडले. बखरीच्या परंपरेनुसार त्याने किल्लेदारांना द्रव्य देऊन ते मिळविले. ‘ग्रीकांना ठार करणारा’ किल्ला ग्रीकांनी विकत घेतला. किनाऱ्यावरील फ्रँक संस्थान त्यानंतरही सुमारे शतकभर तग धरून राहिले, मात्र द्वीपकल्पाचा मध्य त्याने कायमचा गमावला.

‘सरंजामशाही’ ही संज्ञा आणि स्कोर्टाचा अनुभव

मराठीत ‘फ्यूडॅलिझम’साठी ‘सरंजामशाही’ हा प्रतिशब्द रूढ आहे. मराठेशाहीतील सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल. तत्त्वतः तो सत्तेच्या मर्जीवर अवलंबून असे आणि वंशपरंपरागत वतनाहून तो वेगळा मानला जाई. अखायातील फीफ हा याउलट परस्पर शपथेवर उभा असलेला आणि वारसाने चालणारा हक्क होता. प्रतिशब्द एकच वापरला तरी हा भेद अध्यापनात पुसला जाऊ नये. वेगळ्या शब्दांत सांगावयाचे तर, जेफ्री ब्रिएलच्या बॅरनीचे विजयाच्या हक्कातून देणगीत झालेले रूपांतर म्हणजे फीफाने मराठी ‘सरंजामा’च्या दिशेने टाकलेले एक पाऊल होते.

भारतात सरंजामशाही होती काय, हा वाद दा. ध. कोसंबी, रामशरण शर्मा व हरबन्स मुखिया यांच्या लेखनामुळे इतिहासाच्या प्राध्यापकांना परिचित आहे. त्या वादात युरोपीय सरंजामशाहीचा एकच ठाशीव नमुना गृहीत धरला जाण्याचा धोका असतो. स्कोर्टाच्या उदाहरणावरून दिसते की, युरोपातही ही व्यवस्था एका देशातून दुसऱ्या देशात नेली असता तिला स्थानिक जमीनदारांशी, स्थानिक पंथाशी आणि स्थानिक भूगोलाशी तडजोड करावी लागली.

समारोप

स्कोर्टातील फ्रँक सत्तेचे वय साधारणपणे एका शतकाहून थोडे अधिक भरते. या काळात डोंगर, दऱ्या आणि किल्ल्यांची जागा बदलली नाही. बदलली ती वचनांची स्थिती. आर्खोनांना दिलेले वचन पाळले जात होते आणि बॅरन आपल्या मुलखात नांदत होते, तोवर काही शे स्वार पुरेसे ठरले. स्वामी परदेशी रमला तेव्हा एक बंड झाले, वचन मोडून कर बसविला तेव्हा दुसरे बंड झाले, आणि ज्या घराण्यांनी डोंगर सांभाळला त्यांचा वारसा कायद्याच्या अक्षराने खंडित झाला तेव्हा किल्ले विकाऊ झाले. ज्या कुळांच्या श्रमावर ही सर्व रचना उभी होती, त्यांना मात्र या करारांत कधीच स्थान मिळाले नाही. त्यामुळे फ्रँक गेले तेव्हा त्यांच्यासाठी लढण्यास स्कोर्टाच्या गावांतून कोणी पुढे आल्याचे बखर सांगत नाही.